हॉल मोकळा, पण शुक्र अस्ताला!

मुलगा-मुलगी, दोन्हीकडचे आईवडील, गुरुजी आणि मंगल कार्यालयाचा मॅनेजर एवढ्यांचं एकमत झालं, तरी लग्नाची तारीख पक्की होत नाही. गुरू आणि शुक्र आकाशात दिसावे लागतात! सूर्याच्या फार जवळ गेले की ते दिसेनासे होतात. तोच अस्त, आणि अस्तात लग्न वर्ज्य. गुरू साधारण तेरा महिन्यांनी महिनाभर दडी मारतो. शुक्राचं तंत्र निराळं : सूर्यापलीकडून गेला तर दोनेक महिने गायब, अलीकडून गेला तर आठवड्याभरात परत. 2024 च्या मे महिन्यात, ऐन लगीनसराईत, दोघंही एकदम गायब झाले. मग? पंचांगात गौणकालातले, अडीअडचणीचे मुहूर्त निघाले आणि सनई वाजलीच. मुहूर्तशास्त्रात नियम जितका कडक, तितकी पळवाट ऐसपैस.

सर्वांत झकास पळवाट सिंहस्थाची. बारा वर्षांनी गुरू सिंह राशीत येतो, तेव्हा नाशकात कुंभमेळा आणि लग्नांना मनाई. पण शास्त्रकारांनी ही मनाई चक्क नद्यांनी आखून दिली : गोदावरीच्या उत्तर तीरापासून भागीरथीपर्यंत. गुरू सिंह नवांशात, म्हणजे राशीच्या एका नवव्या भागात, असतो तो थोडा काळ तेवढा सगळीकडे वर्ज्य. हिशेब काटेकोर धरला, तर पंचवटीत लग्न अडतं आणि पूल ओलांडून भद्रकालीत आलं की सुटतं! नाशिकच्या सिंहस्थाचं ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 चं. नागपूर-अमरावतीकरांनी नकाशा काढून ठेवावा. पुणं गोदावरीच्या दक्षिणेला. आपल्याला नियम लागू नाही, हे पुणेकरांना वेगळं सांगावं लागत नाही.

त्याआधी 2026 मध्येच 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ. अधिकात नवं लग्न नाही. जुन्या जावयांची मात्र चंगळ, तेहतीस अनारशांचं वाण! ज्येष्ठाची आणखी एक मेख आहे. वर थोरला, वधू थोरली आणि महिनाही ज्येष्ठ, असे तीन ज्येष्ठ जुळून आले की शास्त्र नको म्हणतं. दोघांपैकी एक शेंडेफळ असेल तर हा प्रश्नच मिटतो.

गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत पंचांग नाही, पण ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत तिथेही लग्न शक्यतो टाळतात.

तारीख ठरली, आता मिनिट. घड्याळं नव्हती तेव्हा ते काम घटिकापात्र करायचं. तांब्याची पातळ वाटी, बुडाला बारीकसं भोक. पाण्याने भरलेल्या घंगाळात ती अलगद सोडायची. पाणी आत चढत जातं, वाटी डुगडुगते आणि शेवटी डुबकन तळाला जाते. झाली एक घटिका, म्हणजे 24 मिनिटं. शेजारी बसलेल्याला डुलकी लागली की मुहूर्तच चुकायचा. आता पत्रिकेवर 12 वाजून 37 मिनिटं छापतात आणि नवरदेव 12.50 ला अजून डीजेपुढे नाचत असतो. मग अक्षता मुठीत धरून पाहुणे ताटकळतात, हातात कागद घेतलेल्या मावशीला मंगलाष्टकं आवरती घ्यायला सांगतात, आणि मावशी कुठली ऐकायला!

लग्न पुढे गेल्याची सर्वांत गाजलेली कथा मात्र ग्रहांमुळे घडलेली नाही. मुलाचं, रायबाचं, लग्न बाजूला ठेवून तानाजी मालुसरे कोंढाण्यावर गेले. इंग्रजी तारीख 4 फेब्रुवारी 1670, तिथी माघ वद्य नवमी. माघ हा लग्नाचाच महिना. कथेतलं कॅलेंडर तरी पक्कं आहे.

ही सगळी कटकट नको म्हणून रजिस्टर लग्न करायचं? 1954 च्या विशेष विवाह कायद्यानुसार आधी नोटीस द्या, तीस दिवस थांबा. तेवढ्यावर संपत नाही. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न उरकलं नाही, तर नोटीस बाद, पुन्हा पहिल्यापासून. इथे गौणकाल नाही की गोदावरीचा पूल नाही. तीन साक्षीदारही लागतात, आणि त्यातला एक हमखास ट्रॅफिकमध्ये अडकलेला असतो.