दोन तासांचं दार्जिलिंग

दार्जिलिंग स्थानकात जॉयराइडची गाडी सुटायला आली की डब्यांपेक्षा इंजिनाभोवतीच जास्त गर्दी होते. टूरबरोबर आलेल्या मित्रांच्या कंपूतला एकजण ड्रायव्हरला जरा शिट्टी वाजवण्याची गळ घालतो, दुसरा चाकांपाशी वाकून फोटो काढतो आणि तिसऱ्याच्या पांढऱ्या शर्टावर काजळी आधीच येऊन बसलेली असते. दार्जिलिंग ते घूम, सहा-सात किलोमीटर चढून जायचं आणि परत यायचं. सगळं मिळून साधारण दोन तास.

इंजिन बी क्लासचं. 1889 ते 1925 या काळात अशी 34 इंजिनं तयार झाली. बहुतेक ब्रिटनमध्ये, तीन अमेरिकेतल्या बाल्डविन कंपनीत आणि तीन याच रेल्वेच्या तिनधरिया कारखान्यात. चाकं फक्त चार. पाण्याची एक टाकी बॉयलरवर खोगिरासारखी बसवलेली, दुसरी खाली चाकांच्या मधे. कोळशाचा साठा ड्रायव्हरच्या मागे नाही, पुढे. अंग आखूड ठेवायचं आणि वजन त्या चारच चाकांवर आणायचं, यासाठीच हा सारा खटाटोप.

तरीही चढावर चाकं घसरतात. निलगिरीच्या गाडीला उभ्या चढावर दातेरी रुळाचा आधार मिळतो. दार्जिलिंगच्या गाडीला तसला काही आधार नाही. चाक गुळगुळीत, रूळ गुळगुळीत, त्यात घूमचं धुकं रूळ ओले करून ठेवतं. म्हणून इंजिनाच्या अगदी पुढच्या आडव्या पट्टीवर माणसं बसतात आणि घसरण सुरू झाली की मुठीने रुळावर वाळू सोडतात. वर कोळशापाशी बसलेला आणखी एकजण मोठी ढेकळं फोडून फायरमनकडे सरकवत राहतो. डब्यात भेंड्या रंगलेल्या असताना पुढे चार-पाच माणसं घाम गाळत असतात. एरवी वाफेची इंजिनं गेली त्यामागे धूर, मंद गती आणि लागणारे हात ही मोठी कारणं होती. इथे पर्यटक पैसे मोजतात ते नेमके त्यांच्यासाठीच.

ही रेल्वे मुळात हौसेसाठी निघालीच नव्हती. सिलिगुडीतला तांदूळ बैलगाडीने दार्जिलिंगला पोचेपर्यंत दुपटीहून महाग होई. ईस्टर्न बेंगाल रेल्वेचे फ्रँकलिन प्रेस्टेज यांनी हिशेब मांडला की हिल कार्ट रोड तयारच आहे, त्याच्याच कडेने दोन फुटी रूळ टाकावेत. काम 1879मध्ये सुरू झालं आणि जुलै 1881मध्ये गाडी दार्जिलिंगला पोचली. रस्त्याची सोबत आजही सुटलेली नाही. बाजारातून जाताना खिडकीतून हात काढला तर दुकानात टांगलेला स्वेटर हाती यावा.

घूमला, 2,258 मीटर उंचीवर, गाडी थांबते. तिथलं छोटं संग्रहालय बघून होतं, चहा होतो. वाटेत बतासियाला रुळांचं वेटोळं लागतं. ते 1919मधलं, आणि त्याच्या मध्यभागी गोरखा जवानांचं स्मारक आहे. आकाश मोकळं असेल तर कांचनजंगा दिसतं. नसेल तर मित्र एकमेकांचे फोटो काढून घेतात. याच रेल्वेने 'आराधना'तल्या गाण्याला जागा दिली. शर्मिला टागोर यांचे शॉट मात्र मुंबईत सेट लावून घेतले होते.

इथे थोडी तक्रार करायला हवी. युनेस्कोने 1999मध्ये जागतिक वारसा म्हणून मान दिला तो सगळ्या मार्गाला. त्यातली खरी करामत, म्हणजे झिगझॅग, जॉयराइडच्या वाट्याला येतच नाही. ते सगळे खाली, सुकना ते कर्सियांगच्या पट्ट्यात. डोंगर इतका उभा की वळण घ्यायलाही जागा नाही. मग गाडी पुढे चढून थांबते, सांधा बदलतो, ती उलटी वरच्या रुळावर चढते, पुन्हा सांधा बदलतो आणि पुन्हा सरळ पुढे निघते. अगोनी पॉइंटचं सर्वांत आवळलेलं वेटोळंही तिकडेच. म्हणजे तिकीट वारशाचं आणि हाती त्याचं शेपूट.

आपल्या माथेरानला पीरभॉय कुटुंबाने 1907मध्ये गाडी आणली तेव्हा वळणांवर वेगळा तोडगा निघाला. बार्शी लाइट रेल्वेचे एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी इंजिनच असं आखलं की त्याची चाकं वळणात थोडी सरकावीत. दार्जिलिंगने इंजिन साधंच ठेवलं आणि रूळ वळवले.

सबंध मार्ग जगवणं सोपं नाही. 2010मध्ये वाटेतल्या पागलाझोऱ्याला दरड कोसळली आणि खालून वरपर्यंतची सलग गाडी 2015च्या अखेरीपर्यंत बंद राहिली. 2024च्या पावसाळ्यातही ती काही महिने थांबली होती. अशा काळात जॉयराइडच्याच कमाईवर सगळी भिस्त असते, त्यामुळे तिला नावं ठेवतानाही हात आखडता घ्यावा लागतो.

न्यू जलपाईगुडीहून वर यायला या गाडीला सात-आठ तास लागतात, टॅक्सीला तीन-चार. टूरवाले तो दिवस देत नाहीत आणि रोजच्या गाडीला इंजिनही डिझेलचं असतं. पण झिगझॅगवर गाडी मागे सरकते तेव्हा आत्ताच सोडलेला रूळ खिडकीतून खाली दिसतो. तो पाहायचा असेल तर पावसाळा टाळून, जेवणाचे डबे घेऊन, सकाळीच खालून निघावं.