गरिबी कुणाच्या सोयीची? चार गैरसमज आणि वस्तुस्थिती

पनवेल तालुक्यातील गव्हाणच्या आसपास पूर्वी भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर घरे चालत. आज शेजारी उलवे नोडचे टॉवर उभे आहेत. अशा गावात गरिबीबद्दलची मते पटकन तयार होतात. ती तपासून पाहायला हवीत.

गैरसमज 1 : गरीब माणूस आळशी असतो, म्हणून गरीब राहतो.

वस्तुस्थिती : 1972च्या दुष्काळात महाराष्ट्र सरकारने कामे काढली, तेव्हा 1973च्या मे महिन्यात सुमारे 50 लाख माणसे खडी फोडायला आणि माती उचलायला उन्हात उभी होती. कमतरता कामाची होती, कष्टाच्या तयारीची नव्हती. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीचा कायदा राज्याने 1977 मध्ये केला, तो हे ओळखूनच. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 मध्ये दाखवले, की 1960-61 साली ग्रामीण भागातील सुमारे 40 टक्के आणि शहरांतील सुमारे 50 टक्के लोकांना पुरेसे अन्न मिळेल एवढाही खर्च परवडत नव्हता. निम्मे शहर आळशी असू शकत नाही.

गैरसमज 2 : समाजशास्त्रच सांगते की समाजाला गरिबीची गरज असते.

वस्तुस्थिती : हर्बर्ट गान्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाच्या 1972 च्या लेखाचा असा उलटा अर्थ लावला जातो. त्याने गरिबीचे पंधरा उपयोग मोजले खरे, पण ते मुख्यतः सुखवस्तू लोकांना होणारे उपयोग होते. घाणीचे, धोक्याचे काम स्वस्तात होते. इतरांना आपली प्रतिष्ठा मोजायला कुणीतरी खालचा मिळतो. प्रगतीची किंमतही गरिबांकडून वसूल होते. यातील बहुतेक गरजा चांगली मजुरी देऊन, दुसऱ्या मार्गांनी भागवता येतात, हेही गान्सने लिहिले. फक्त त्याचा खर्च वरच्यांना सोसावा लागतो. गरिबी टिकते त्याचे एक मोठे कारण हे आहे.

गैरसमज 3 : विकास आला की गरिबी आपोआप जाते.

वस्तुस्थिती : नवे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना 1970 मध्ये झाली. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील 95 गावांच्या जमिनींचे संपादन ठरले. मुंबईची गर्दी हलकी करण्याची किंमत इथल्या आगरी-कोळी शेतकऱ्यांकडून घेतली गेली. योग्य मोबदल्यासाठी शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले. जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात 5 शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. म्हणजे विकासातला वाटा आपोआप मिळाला नाही, संघटित होऊन मिळवावा लागला.

गैरसमज 4 : मोबदला मिळाला, आता प्रकल्पग्रस्त गरीब कसले?

वस्तुस्थिती : साडेबारा टक्क्यांतील 3.75 टक्के सार्वजनिक सुविधांसाठी वळते होऊन हातात 8.75 टक्के उरतात. हा हिशेब संपादित जमिनीच्या क्षेत्रावर होतो. ज्याच्या नावावर मोठा तुकडा होता त्याला जास्त मिळाले, दोन-चार गुंठेवाल्याला थोडे. शेतावरची मजुरी, मिठागरातले काम, खाडीतली मासळी यांचे मोजमाप सातबाऱ्यावर नसते. एकाच गावात एकाचा बंगला आणि दुसऱ्याची कंत्राटी नोकरी दिसते, ती यामुळे. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन गरिबीकडे क्षमतांचा अभाव म्हणून पाहतात, तेही इथे पटते. एकदाच आलेली रक्कम घर बांधते, लग्न लावते. गेलेला धंदा परत आणत नाही. त्यासाठी शिक्षण, कौशल्य आणि कायम नोकरी लागते.

या चारही गैरसमजांत दोष गरिबाच्या माथी मारला जातो किंवा नशिबावर सोडला जातो. प्रत्यक्षात गरिबी माणसांच्या निर्णयांनी घडते आणि निर्णयांनीच कमी होते. म्हणून आपल्या घरी येणाऱ्या कामवाल्या मावशींना, सोसायटीच्या सफाई कामगाराला आणि नाक्यावरच्या बिगाऱ्याला पुरेसा पगार आणि हक्काची सुट्टी मिळते का, हे प्रत्येकाने विचारावे. नव्या प्रकल्पाची घोषणा झाली, की किंमत कोण मोजणार, हा प्रश्न ग्रामसभेत सर्वांत आधी मांडावा.