घाटाच्या पायथ्याचा थांबा

शाळेंत असतांना एक गणित आपणां सर्वांना केव्हां ना केव्हां घातलें गेलें असेल. एक गाडी ताशी अमुक मैल धांवते, वाटेंत अमुक ठिकाणीं इतकीं मिनिटें थांबते, तर ती मुक्कामास किती वाजतां पोंचेल? मुलें धांवण्याचा वेळ बरोबर काढीत आणि थांबण्याचा वेळ मिळविण्यास विसरत. इतकीं वर्षें शिकवूनही ही चूक मला पुरती घालवितां आली नाहीं. त्याबद्दल मी मुलांना फारसा दोष देत नाहीं. कारण मोठीं माणसेंही तेंच करतात. वेग म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें धांवणें येतें, थांबणें येत नाहीं. वास्तविक, प्रवासाला लागणारा वेळ या दोहोंचा मिळून होतो. आज थांबण्याच्या वेगाविषयीं चार गोष्टी सांगाव्या, असें मीं योजिलें आहे. त्यासाठीं फार दूर जावयास नको. आपल्या ठाणें जिल्ह्यांतील शहापूर तालुक्यांत कसारा स्टेशन आहे, आणि त्यापुढें थळ घाट आहे. तेवढें उदाहरण पुरें होईल.

घाट चढण्यापूर्वी थांबणें ही आमच्या भागांत नवी गोष्ट नव्हे. शेजारच्या मुरबाड तालुक्यांत वैशाखऱ्याच्या बाजूनें नाणेघाट चढतो. कल्याण आणि सोपारा या बंदरांतला माल एके काळीं या वाटेनें जुन्नरकडे जात असे. घाटाच्या माथ्यावरील लेण्यांत सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपींतील लेख आहे. तो सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. वर एक मोठा दगडी रांजण आहे. त्यांत जकातीचें नाणें टाकीत, असें लोक सांगतात. लेण्याच्या आसपास खडकांत पाण्याचीं टाकीं खोदलेलीं आहेत. विद्वानांना तो लेख मोलाचा वाटतो, आणि तें योग्यच आहे. पण ओझें वाहून वर आलेल्या बैलाच्या दृष्टीनें पाहिलें, तर तेथील सर्वांत मोलाची वस्तु म्हणजे तीं टाकीं होत. ज्यानें तीं खोदविलीं, त्याला वाटेवरचा थांबा हा वाटेचाच एक भाग आहे, हें कळलें होतें.

पुढें गाडीरस्ते झाले. भरलेली बैलगाडी चढावर अडली म्हणजे गाडीवान काय करी? मागच्या गाडीचे बैल सोडून तो पुढच्या गाडीला जादा जुंपी. ती वर पोंचली कीं दोन्ही जोड्या खालीं आणून मागची गाडी वर नेई. कसाऱ्यास रेल्वे जें करीत आली, तें तत्त्वतः याहून निराळें नाहीं.

मुंबईहून निघालेली रेल्वे १८५३ सालीं ठाण्यास आली, १८५५ सालीं वासिंदपर्यंत पोंचली आणि १८६१ सालीं कसाऱ्यास. पुढचें इगतपुरी स्टेशन तेथून अवघ्या नऊ-साडेनऊ मैलांवर. पण तेवढ्यासाठीं १८६५ साल उजाडावें लागलें. कारण या थोड्या अंतरांत लोहमार्गाला ९७२ फूट वर चढावें लागतें. सर्वांत कठीण जागीं चढ सदतिसांत एक असा आहे. म्हणजे सदतीस फूट पुढें गेलें कीं एक फूट वर. पायीं चालणाऱ्याला हा चढ फारसा जाणवणारही नाहीं. पण लोखंडाच्या गुळगुळीत रुळावर लोखंडाचेंच गुळगुळीत चाक फिरतें, हें ध्यानांत घ्या. एक हजार टन वजनाची गाडी अशा चढावर धरली, तर तिचें वजनच तिला सुमारें सत्तावीस टनांच्या जोरानें मागें ओढीत असतें. हा सारा ताण एकट्या पुढच्या एंजिनावर टाकला, तर चाकें जागच्या जागीं फिरूं लागतील, किंवा डब्यांमधली एखादी सांखळी तुटेल. आणि सांखळी तुटली तर मागचे डबे उताराला लागून कोठें जातील, हें सांगावयास नको.

म्हणून गाडीच्या शेपटाला दुसरीं एंजिनें जोडतात. तीं खालून रेटा देतात आणि वेळ पडली तर आधारही देतात. रेल्वेचे लोक यांना ‘बँकर’ म्हणतात. या नांवावरून पेढीचा संशय येतो. पण इंग्रजींत त्या शब्दाचा एक अर्थ चढ असाही आहे, तोच येथें घ्यावयाचा.

आतां हें जोडण्याचें काम कसें चालतें, तें पाहूं. गाडी कसाऱ्यास येऊन उभी राहते. बाजूच्या रुळावर तिष्ठत असलेलीं बँकर एंजिनें हळूहळू मागून येऊन शेवटच्या डब्याला टेकतात. जुन्या पद्धतीच्या डब्यांना आंकडा आणि मळसूत्राची सांखळी असते. ती अडकविण्यासाठीं एका माणसाला एंजिन आणि डबा यांच्या मधोमध उतरावें लागतें. तो आंकड्यांत सांखळी घालतो, मळसूत्र आंवळतो, ब्रेकच्या हवेच्या नळ्या एकमेकींना जोडतो आणि बाहेर येतो. नंतर पुढच्या एंजिनानें लावलेला ब्रेक अगदीं मागपर्यंत पोंचतो कीं नाहीं, हें पाहिलें जातें. पुढचें व मागचें एंजिन यांच्यांत शिट्ट्यांची देवघेव होते आणि गाडी घाटास लागते. इगतपुरीस पोंचल्यावर हें सारें उलट क्रमानें करून बँकर सोडून घ्यावयाचे. खालीं उतरणाऱ्या गाडीचीही इगतपुरीस ब्रेकची परीक्षा झाल्याखेरीज तिला घाटांत सोडीत नाहींत.

पहिल्या काळांत थांबे याहून पुष्कळ होते. वाफेच्या एंजिनाला पाणी हवें, कोळसा हवा. शिवाय सरळ चढेल अशी जागा न सांपडल्यामुळें घाटाच्या मध्येंच गाडीची दिशा उलटी करण्याचें एक स्थानक होतें. तेथें एंजिन एका टोंकाचें सोडून दुसऱ्या टोंकाला नेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मार्ग बदलून हें स्थानक काढून टाकलें आणि तो थांबा समूळ गेला. १९२५ सालीं मुंबई ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली, आणि १९३० च्या सुमारास वीज घाट चढून इगतपुरीस पोंचली. त्या काळचीं मालगाडीचीं एंजिनें ‘खेकडा’ या नांवानें ओळखलीं जात. पाणी आणि कोळसा घेण्याचा वेळ वांचला. पण मुंबईकडची वीज इगतपुरीस संपे. पुढें आधीं कोळशाचें आणि मग निराळ्या जातीच्या विजेचें एंजिन लावावें लागे. एंजिन बदलण्यांत दहा-पंधरा मिनिटें सहज जात. पुढें दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणारीं एंजिनें निघालीं. २००६ सालीं घाटांतली वीज बदलली आणि २०१५ पर्यंत मुंबईपर्यंतची बदलली. एंजिन बदलण्याचें कारणच उरलें नाहीं.

श्रोतेहो, या साऱ्या हकीकतींत एक गोष्ट आपल्या ध्यानांत आली असेल. थांब्याचा वेळ कमी झाला, तो माणसांनीं हात अधिक भरभर चालविल्यामुळें नव्हे. जें काम करावें लागे, त्याची मांडणी बदलली किंवा तें काम नाहींसें झालें, म्हणून वेळ वांचला. हेंच तत्त्व अधिक स्पष्ट दिसावें म्हणून क्षणभर आपण अमेरिकेंत जाऊं. कारण तेथें थांब्याचा वेळ सेकंदांवर मोजतात.

तेथें ‘स्टॉक कार’ नांवाच्या मोटारींच्या शर्यती होतात. मुळांत या दुकानांत विकत मिळणाऱ्या साध्या मोटारींच्या शर्यती. त्यांचें नियमन करणारी नॅस्कार ही संस्था १९४८ सालीं निघाली. शेंकडों मैलांच्या या शर्यतींत चाकें झिजतात आणि पेट्रोल संपतें. म्हणून मधून मधून मोटार बाजूला घेऊन थांबवावी लागते. या थांब्याला पिट-स्टॉप म्हणतात. ताशी १८० मैलांनीं धांवणारी मोटार एका सेकंदांत २६४ फूट जाते. तेव्हां एखाद्याचा थांबा दहा सेकंदांनीं लांबला, तर प्रतिस्पर्धी तेवढ्यांत अर्धा मैल पुढें निघून गेला, असें समजावें.

आरंभीं या थांब्याला मिनिटाहून अधिक वेळ लागे. चालक निवांत पाणी पिई, आणि कामगार एका चाकाकडून दुसऱ्या चाकाकडे जात. १९६० नंतर व्हर्जीनिया प्रांतांतील वूड बंधूंनीं या कामाची नीट पाहणी केली. कोणी कोठें उभें राहावें, कोणत्या बाजूनें वळावें, कोणतें हत्यार कोणाच्या हातांत असावें, हें त्यांनीं ठरवून टाकलें. मोटार उचलण्याचा जॅक सुधारला. थांबा वीस-पंचवीस सेकंदांवर आला. त्यांचा लौकिक एवढा वाढला कीं, १९६५ सालीं इंडियानापोलिसच्या प्रसिद्ध शर्यतींत जिम क्लार्क याच्या मोटारीसाठीं त्यांनाच बोलाविलें, आणि क्लार्कनें ती शर्यत जिंकली. पुढें सरावानें आणि व्यायामानें वेळ बारा-तेरा सेकंदांपर्यंत उतरला. मग २०२२ सालीं चाकाचीच रचना बदलली. पूर्वी प्रत्येक चाकाला पांच नट असत. चार चाकांचे वीस नट काढावयाचे आणि वीस बसवावयाचे. आतां चाकाच्या मधोमध एकच नट असतो. चार काढावयाचे, चार बसवावयाचे. थांबा दहा सेकंदांच्या आसपास आला. गंमत अशी कीं, आतां चाकें आधीं होऊन जातात आणि पुष्कळदां पेट्रोल भरून होण्याचीच वाट पाहावी लागते. अनेक कामें एकदम चाललीं असतां सर्वांत सावकाश होणारें काम थांबा किती हें ठरवितें, हा नियम यांतून शिकावा.

परंतु या कथेला दुसरी बाजू आहे. १९९० च्या नोव्हेंबरांत अटलांटा येथें थांब्याकडे वेगानें येणारी एक मोटार घसरली, आणि दुसऱ्या मोटारीचें चाक बदलीत असलेला एक कामगार दोन मोटारींच्या मध्यें सांपडून मरण पावला. दुसऱ्या वर्षीं, १९९१ पासून, थांब्याच्या रस्त्यावर मोटारींना वेगाची मर्यादा घालण्यांत आली. जेथें एक-एक सेकंद वांचविण्यासाठीं एवढी धडपड, तेथें मुद्दाम वेळ घालविणारा नियम करावा लागला! चालकांना तो जाचक वाटला असेल. पण नियम टिकला, आणि कोणाही शहाण्या माणसाला आज तो नको वाटत नाहीं.

दोन वाहनांच्या मध्यें सांपडलेला माणूस, हें चित्र मनांत ठेवून आपण पुन्हां कसाऱ्यास येऊं. सांखळी आंवळण्यासाठीं एंजिन आणि डबा यांच्यामध्यें उतरणारा माणूस त्याच जागीं उभा असतो. पावसाळा असावा, रात्र असावी, घाटावरून धुकें उतरलेलें असावें. अशा वेळीं डब्यांतले उतारू घड्याळ पाहून उशिराबद्दल कुरकुरत असतात, आणि त्यांच्या मागें शेंदीडशें पावलांवर हा माणूस त्यांच्यासाठीं काम करीत असतो. त्याला ‘लवकर कर’ म्हणून सांगणें हा वेळ वांचविण्याचा सर्वांत वाईट मार्ग होय. खरा मार्ग म्हणजे त्याला त्या मधल्या जागेंत उतरावेंच लागूं नये, असें करणें. नव्या डब्यांचे आंकडे एकमेकांवर टेकतांच आपोआप अडकतात. तेवढ्यानें त्याचें निम्में काम सुरक्षित झालें.

याच्याही पुढचें पाऊल अलीकडे पडलें आहे. २०१९ सालीं मुंबईहून कल्याण-नाशिकमार्गें दिल्लीकडे जाणारी राजधानी एक्सप्रेस सुरू झाली. तिला दोन्ही टोंकांस एंजिन मुंबईहूनच लावलें; पुढचें ओढतें, मागचें ढकलतें, त्यामुळें कसाऱ्यास बँकर जोडण्याचें प्रयोजन राहिलें नाहीं. १० फेब्रुवारी २०२३ रोजीं मुंबई-शिर्डी वंदे भारत गाडी सुरू झाली. तिला निराळें एंजिनच नाहीं; निम्म्या डब्यांखालीं मोटरी आहेत, म्हणजे जणूं प्रत्येक गाडीवानानें आपली जादा बैलजोडी घरूनच आणली आहे. ती बँकरशिवाय घाट चढते. इतर पुष्कळ गाड्यांना आणि मालगाड्यांना मात्र बँकर अजून लागतात.

थांबा नाहींसा झाला कीं कांहीं तोटाही होतो, हें लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. उन्हाळ्यांत द्रोणांत करवंदें आणि जांभळें घेऊन फलाटावर उभ्या राहणाऱ्या आमच्या आदिवासी बायकांना त्या मिनिटांची किंमत उतारूंपेक्षां अधिक ठाऊक आहे. न थांबतां जाणारी गाडी त्यांच्या टोपलीकडे पाहत नाहीं. वांचविलेला वेळ कोणाच्या पदरीं पडला आणि कोणाच्या पदरचा गेला, हा हिशोब गणिताच्या पुस्तकांत नसतो. पण तो मांडला पाहिजे. ज्यांचा थांबा गेला, त्यांच्या मालाला दुसरा बाजार मिळवून देणें हें त्याच सुधारणेचें उरलेलें काम समजलें पाहिजे.

एक थांबा मात्र कोणीं कितीही घाई केली तरी कमी करूं नये. तो म्हणजे ब्रेकच्या परीक्षेचा. पाणी घेण्याचा वेळ गेला, दिशा बदलण्याचा गेला, एंजिन बदलण्याचा गेला, कांहीं गाड्यांचा बँकर जोडण्याचाही गेला. हे सारे गेले तें बरेंच झालें. पण गाडी थांबूं शकते कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं लागणारीं मिनिटें वायां गेलेलीं नसतात. यापुढें कधीं घाटाच्या तोंडाशीं आपली गाडी उभी राहिली, तर घड्याळाकडे पाहण्याऐवजीं खिडकींतून मागें पाहावें. तेथें कोणी तरी आपल्यासाठीं कंदील किंवा विजेरी घेऊन वांकलेला असेल. त्याचें काम पुरें होईपर्यंत थांबण्यास आपली हरकत नसावी.