गाडी चालवता न येणारा देवदूत

‘द प्रॉफेसी’ (१९९५). लेखन आणि दिग्दर्शन ग्रेगरी वाइडन. ‘हायलँडर’ची मूळ कथा याचीच, दिग्दर्शक म्हणून मात्र हा पहिला चित्रपट.

इथे स्वर्गातच फूट पडली आहे. देवाने माणसाला आत्मा दिला, देवदूतांपेक्षा वर बसवलं, हे गॅब्रिएल या देवदूताला सहन होत नाही. स्वर्गातलं हे युद्ध जिंकायला त्याला कोरियन युद्धात लढलेल्या एका क्रूर कर्नलचा आत्मा हवा आहे. तो आत्मा सायमन नावाचा देवदूत अ‍ॅरिझोनातल्या एका शाळकरी मुलीत लपवतो. या साऱ्याच्या मागावर आहे पाद्री होता होता पोलिस झालेला थॉमस (इलायस कोटियस).

खरी मजा क्रिस्टोफर वॉकेनच्या गॅब्रिएलमध्ये. हे देवदूत खुर्चीच्या पाठीवर पक्ष्यांसारखे उकिडवे बसतात. स्वर्ग हादरवणाऱ्या या गॅब्रिएलला गाडी चालवता येत नाही, म्हणून आत्महत्या केलेल्या एकाला अर्धवट जिवंत ठेवून तो ड्रायव्हर करतो!

व्हिगो मॉर्टेन्सनचा सैतान थोडाच वेळ दिसतो, पण अंगावर येतो. तो माणसांना मदत करतो ती दयेपोटी नव्हे. गॅब्रिएल जिंकून दुसरा नरक उभा राहिला तर त्याच्या धंद्याला स्पर्धा होईल ना!

पुढे आणखी चार भाग निघाले. वॉकेन त्यांतल्या पहिल्या दोनांतच आहे. त्यानंतरचे नाही पाहिले तरी चालतील.