खजिनदार कोणी निवडावा?

नारायण पेठेतील कोणत्याही गणेशोत्सव मंडळाची कार्यकारिणी पाहिली, तर अध्यक्ष आणि चिटणीस यांच्या जोडीला एक नाव हमखास आढळते. ते म्हणजे खजिनदाराचे. फलकावर अध्यक्षाचे नाव ठळक असते आणि मिरवणुकीत पुढेही तोच असतो. परंतु उत्सव आटोपल्यावर जी सभा भरते, तीत उभे राहावे लागते ते खजिनदाराला. वर्गणी किती जमली, मांडवाला किती गेले, शिल्लक किती उरली, हे त्याने वाचून दाखवायचे. मग आळीतील एखाद्या चौकस गृहस्थाने ‘विजेचा खर्च यंदा दुप्पट कसा?’ असे विचारले, तर त्याचे समाधान होईपर्यंत खाली बसायचे नाही, अशी ही जुनी शिस्त आहे.

काही लाखांच्या व्यवहारासाठी खजिनदार निवडून देणारा हा समाज राज्याच्या खजिन्यासाठी मात्र असा कोणी निवडत नाही. २०२५-२६ च्या महाराष्ट्राच्या अंदाजपत्रकाचा आकार सात लाख कोटी रुपयांचा होता आणि त्यात ४५ हजार ८९१ कोटींची महसुली तूट दाखविलेली होती. एवढ्या रकमेच्या राखणदाराचे नाव त्या पदासाठी म्हणून मतदारापुढे कधीच येत नाही. मतदार आमदार निवडतो, आमदार बहुमत घडवितात, बहुमतातून मुख्यमंत्री होतो आणि मुख्यमंत्र्याच्या मर्जीने व आघाडीच्या वाटणीने अर्थखाते कोणाच्या तरी पदरात पडते. मग हा राखणदार थेट लोकांनीच का निवडू नये, असा प्रश्न कोणी विचारला तर तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

अमेरिकेचा अनुभव

हा प्रयोग जगात झालेला आहे. अमेरिकेतील बहुसंख्य घटकराज्यांत राज्याचा खजिनदार सबंध राज्यातील मतदारांच्या प्रत्यक्ष मतांनी निवडला जातो. गव्हर्नर एका पक्षाचा आणि खजिनदार दुसऱ्या पक्षाचा, असेही तेथे अनेकदा घडते. त्यामागील विचार सरळ आहे. खर्च करणाऱ्याच्या हाती तिजोरीची किल्ली देऊ नये आणि किल्ली ज्याच्या हाती असेल, त्याने खर्च करणाऱ्याचा मिंधा असू नये.

विचार निर्दोष असला, तरी अनुभव संमिश्र आहे. टेक्सास राज्यात १९९४ मध्ये मार्था व्हाइटहेड या बाई ‘मला निवडून द्या, म्हणजे हे पदच मोडीत काढता येईल’ असे आश्वासन देऊन खजिनदार म्हणून विजयी झाल्या. पुढच्याच वर्षी मतदारांनी घटनादुरुस्तीला संमती दिली आणि १९९६ मध्ये ते पद संपुष्टात आले. त्याचे काम दुसऱ्या निर्वाचित हिशेब-अधिकाऱ्याकडे गेले. मिनेसोटाच्या मतदारांनीही १९९८ मध्ये हाच कौल दिला. स्वतःच्या मताने निर्माण केलेले पद लोकांनी स्वतःच्या मताने काढून टाकावे, याचा अर्थ निवडणुकीने त्या पदाला जो मोठेपणा दिला होता, तो कामात उतरलेला नव्हता.

याहून बोलके उदाहरण कॅलिफोर्नियातील ऑरेंज परगण्याचे आहे. हा राज्याचा नव्हे, एका परगण्याचा खजिना. पण धडा तोच. रॉबर्ट सिट्रन हे गृहस्थ तेथे वीस वर्षांहून अधिक काळ निवडून येत होते. परगण्याचा, त्यातील गावांचा आणि शाळांचा पैसा ते गुंतवीत आणि इतरांपेक्षा अधिक व्याज मिळवून दाखवीत. हे अधिक व्याज येत होते ते ठेवींहूनही अधिक कर्ज काढून आणि व्याजाचे दर चढणार नाहीत या भरवशावर. १९९४ च्या निवडणुकीत जॉन मूरलाक या त्यांच्या प्रतिस्पर्ध्याने नेमका हाच धोका मतदारांपुढे मांडला. मतदारांनी सिट्रन यांनाच पुन्हा निवडले. त्याच वर्षी दर चढत गेले, दीड अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बुडाली आणि डिसेंबरात त्या संपन्न परगण्याने दिवाळे जाहीर केले. पुढील वर्षी सिट्रन यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि खजिनदारपदी नेमणूक झाली ती मूरलाक यांची!

इशारा वेळेवर दिला गेला होता आणि तो खराही होता. परंतु वहीच्या आत डोकावण्याचे साधन मतदारापाशी नव्हते. त्याला दिसत होते ते फक्त वाढीव व्याज. मत देण्याचा दिवस चार वर्षांतून एकदा येतो, वही मात्र रोज लिहिली जाते. या दोहोंतील अंतर केवळ मतपेटीने भरून निघत नाही.

हा धडा शिकण्यासाठी पुणेकराला कॅलिफोर्नियापर्यंत जाण्याचीही गरज नाही. १९१२ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या रुपी को-ऑपरेटिव्ह बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये तिचा परवाना संपुष्टात आला. मधल्या साडेनऊ वर्षांत निवृत्तीची पुंजी, मुलीच्या लग्नाचा पैसा, दुखण्याखुपण्यासाठी बाजूला ठेवलेली शिल्लक अडकून पडलेल्या ठेवीदारांनी काय सोसले, हे या शहराला सांगावे लागत नाही. सहकारी बँकेचे संचालक सभासदांनी निवडलेले असतात आणि तिची वार्षिक सभाही नियमाने भरते. पण अहवाल वाचण्याआधी ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज उठतो, तेव्हा ती सभा नावापुरतीच उरते.

पोतनीस, फडणीस आणि मुजुमदार

याच पेठांच्या दारांवरील पाट्या वाचल्या, तर या प्रश्नाचे एक जुने उत्तर तेथेच लिहिलेले सापडते. पोतनीस, फडणीस, मुजुमदार ही आज आडनावे आहेत. एके काळी ते हुद्दे होते. पोतनिसाने रोकड सांभाळायची, फडणिसाने हिशेब लिहायचा आणि मुजुमदाराने तो तपासायचा. ज्याच्या हाती रोकड त्याच्या हाती लेखणी नाही, आणि ज्याच्या हाती लेखणी त्याच्या हाती तपासणी नाही, असा हा बंदोबस्त होता. कोणी कोणाला मत देऊन निवडत नव्हते, ती राजवट लोकांना जबाबदारही नव्हती. तरीही तिने हे ओळखले होते की खजिना एका माणसाच्या प्रामाणिकपणावर सोपवायचा नसतो, तो माणसांच्या परस्परांवरील नजरेवर सोपवायचा असतो. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती मक्त्याने देण्याची रीत बळावली, हुजूर दप्तराकडे दुर्लक्ष झाले आणि ही नजरच मंदावली. त्या राज्याचा शेवट कसा झाला, तो इतिहास सर्वांस ठाऊक आहे.

भारतीय राज्यघटनेने हीच विभागणी नव्या रूपात स्वीकारली आहे. विधिमंडळाच्या संमतीवाचून राज्याच्या एकत्रित निधीतून एक पैसाही काढता येत नाही. खर्च झाल्यावर नियंत्रक व महालेखापरीक्षक त्याची तपासणी करतो. त्याची नेमणूक राष्ट्रपती करतात आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाइतक्याच कठीण प्रक्रियेवाचून त्याला दूर करता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४९ मध्ये घटना समितीत या अधिकाऱ्याचे महत्त्व न्यायसंस्थेहूनही अधिक मानले होते, ते उगीच नव्हे. त्याचा अहवाल सभागृहापुढे येतो, लोकलेखा समिती त्याची छाननी करते आणि या समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत संसदेत १९६७ पासून पाळला जातो. म्हणजे खजिनदार लोकांनी थेट निवडलेला नसला, तरी त्याच्यावर पहारा ठेवण्याची व्यवस्था घटनेने करून ठेवलेली आहे.

पहारा आणि पहारेकरी

अडचण आहे ती व्यवस्थेच्या वापराची. अहवाल विधिमंडळापुढे ठेवावा, असे घटना सांगते; किती दिवसांत ठेवावा, हे ती सांगत नाही. या मोकळ्या जागेचा फायदा सर्वच पक्षांच्या सरकारांनी घेतला आहे. अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी, सदस्य परतीची गाडी गाठण्याच्या घाईत असताना, हे जाडजूड ग्रंथ पटलावर ठेवण्याची रीतच पडून गेली आहे. मार्चअखेरीस होणारी खर्चाची धावपळ आणि अनुदान घेऊन त्याच्या विनियोगाची प्रमाणपत्रे न देणारी खाती यांवर लेखापरीक्षकाने वर्षानुवर्षे बोट ठेवले आहे. बोट तेच, दुखणेही तेच, आणि रोगी मात्र दरवर्षी प्रकृती उत्तम असल्याचे सांगतो!

२०२४ चे उदाहरण घ्यावे. त्या वर्षी २८ जून रोजी सुमारे सहा लाख बारा हजार कोटींचे अतिरिक्त अंदाजपत्रक मांडले गेले आणि पंधरवडाही उलटला नाही तोच जवळजवळ ९५ हजार कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. अचानक उद्भवलेल्या गरजेसाठी पुरवणी मागणी असते. पंधरा दिवसांपूर्वी दिसत नव्हती अशी एवढी गरज कोठून उद्भवली, हा प्रश्न मंडळाच्या सभेतील त्या चौकस गृहस्थाने नक्की विचारला असता.

पुढे नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली. एका अर्थाने ती खजिनदाराचीच निवडणूक होती. लाडकी बहीण योजनेचे दरमहा दीड हजार रुपये स्त्रियांच्या खात्यांत जमा होऊ लागले होते. सत्तारूढ आघाडीने त्याचे एकवीसशे करण्याचे वचन दिले, तर विरोधी आघाडीने तीन हजारांचे. घरात राबणाऱ्या स्त्रीच्या हाती स्वतःचे म्हणता येतील असे चार पैसे यावेत, यात गैर काहीच नाही आणि ज्यांची महिन्याची ओढाताण त्या पैशाने थोडी कमी झाली, त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाच नाही. प्रश्न देणाऱ्यांना विचारायचा होता. वाढीव रक्कम कोणत्या बाबीतून येणार? कोणता रस्ता, कोणते धरण, कोणत्या दवाखान्याची खाट त्यासाठी थांबणार? का कर्ज काढणार, आणि ते फेडणार कोण? कसब्याच्या मतदारसंघात, ज्यात नारायण पेठ येते, तसेच राज्यात इतरत्रही सभा गाजल्या. पण बोली लावणाऱ्या दोन्ही बाजूंपैकी कोणाकडूनही या प्रश्नांची आकड्यांनिशी उत्तरे मतदाराला मिळाली नाहीत. मत होते, निवड होती, खजिन्याचा विषयही होता. नव्हती ती फक्त वही.

मताविना राखलेला खजिना

याच्या नेमके उलट चित्र पुण्याने एकेकाळी पाहिले आहे. १९०२ च्या मार्चमध्ये गोपाळ कृष्ण गोखले कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर पहिल्यांदा बोलावयास उभे राहिले. त्या वेळी १८९२ च्या कायद्याप्रमाणे सदस्यांना चर्चा करता येई, पण अंदाजपत्रकावर मत देता येत नसे. सरकारने मोठी शिल्लक दाखविली होती आणि तिचा अभिमानही मिरविला होता. गोखल्यांनी सरकारचेच आकडे पुढे ठेवून विचारले की, दुष्काळाने आणि प्लेगने गांजलेल्या रयतेच्या मिठावर कर असताना या शिलकेला भरभराट कसे म्हणता येईल? या आकड्यांमागे न्यायमूर्ती रानड्यांची शिकवण होती आणि गणेश व्यंकटेश जोशी या शिक्षकाने अहवालांच्या ढिगाऱ्यांतून वेचून काढलेली माहिती होती. मणामागे अडीच रुपये असलेला मिठाचा कर १९०३ मध्ये दोन रुपये झाला आणि १९०७ पर्यंत एक रुपयावर आला. हे एका भाषणाचे फळ नव्हते. पण वर्षामागून वर्ष त्याच बाबीवर बोट ठेवणाऱ्या माणसाचा त्यात वाटा होता.

१८९६-९७ च्या दुष्काळात ‘केसरी’ने दुसऱ्या मार्गाने तेच केले. हे पत्र पुढे नारायण पेठेतील गायकवाड वाड्यातून निघू लागले. दुष्काळाच्या कायद्यात रयतेसाठी कोणत्या सवलती आहेत, सारातहकुबी केव्हा मागता येते, हे त्याने साध्या मराठीत शेतकऱ्यापर्यंत पोहोचविले. मताचा अधिकार नसलेल्या माणसाला सरकारच्या वहीतील स्वतःचे पान उघडून दाखविण्याचाच तो उद्योग होता. गोखले आणि टिळक यांच्यात मतभेद अनेक होते. सरकारचा जमाखर्च ही लोकांनी वाचायची गोष्ट आहे, याविषयी मात्र दोघांचे एकमत होते.

तेव्हा ‘खजिनदार कोणी निवडावा?’ यापेक्षा ‘खजिनदाराला कोणी, केव्हा आणि काय विचारावे?’ हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो. त्याची उत्तरे अवघड नाहीत. लेखापरीक्षेचे अहवाल अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात पटलावर यावेत, असा नियम विधिमंडळाने स्वतःच करावा. लोकलेखा समितीच्या शिफारशींवर कोणत्या खात्याने काय केले, याची यादी दरवर्षी प्रसिद्ध व्हावी. पुरवणी मागण्यांना मूळ अंदाजपत्रकाच्या प्रमाणात मर्यादा असावी. ती ओलांडली तर सभागृहात स्वतंत्र चर्चा व्हावी. आणि जाहीरनाम्यातील प्रत्येक वचनापुढे त्याचा वार्षिक खर्च व पैशाचा मार्ग लिहिण्याची सक्ती पक्षांना कायदा करीत नसेल, तर ती मतदारांनी करावी. यांतील एकाही गोष्टीसाठी घटनादुरुस्ती लागत नाही, की नवे पद निर्माण करावे लागत नाही.

गणेशोत्सव संपला, मांडव उतरला, की पेठेतील एखाद्या वाड्यात किंवा शाळेच्या खोलीत दहा-वीस माणसे सतरंजीवर बसतात आणि खजिनदार वही उघडतो. कोणी पेंगत असते, कोणाला घरी जाण्याची घाई असते. तरीही एखादा तरी उठून विचारतोच. त्या एकाच्या भीतीने खजिनदार वर्षभर पावत्या जपून ठेवतो. सात लाख कोटींच्या वहीसमोरही असा एकजण बसलेला आहे, हे मंत्रालयाला पक्के ठाऊक असले पाहिजे. ते ठाऊक करून देणे, हे मत देण्याइतकेच नागरिकाचे काम आहे आणि ते मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते.