गळके छत, एनसी आणि भरपाईचा हक्क

नवी मुंबईत शेजाऱ्याशी खटका उडाला की पहिले वाक्य ठरलेले असते: "पोलिसांत जातो आणि आत टाकतो." वाशी, नेरूळ, कोपरखैरणे इथल्या सिडकोच्या जुन्या इमारतींत या वाक्याला निमित्त होते ते बहुधा वरच्या घरातून झिरपणारे पाणी. छताचे पोपडे सुटतात, वायरिंगमध्ये ओल शिरते, कपाटे फुगतात आणि वरचे लोक दार उघडत नाहीत. चिडलेला माणूस पोलीस ठाण्यात जातो, तिथे "हे सिव्हिल मॅटर आहे" असे ऐकून परततो आणि पोलीस वरच्यांना सामील आहेत असे धरून चालतो. ठाणे अंमलदाराचे ते उत्तर मात्र पुष्कळदा कायद्याला धरूनच असते.

फौजदारी कायदा आधी करणाऱ्याच्या मनात काय होते ते विचारतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ३२४ खाली मालमत्तेची नासधूस हा गुन्हा ठरायला नुकसान करण्याचा हेतू, किंवा आपल्या कृत्याने नुकसान होण्याचा संभव आहे याची जाणीव लागते. बाथरूमखालचा जुना पाइप कुजला, यात तसा हेतू नसतो. पण गुन्हा नाही म्हणजे हक्कच नाही, हा यातला सर्वांत महागात पडणारा गैरसमज. अपकृत्याचा कायदा, म्हणजे टॉर्ट, एवढेच पाहतो की शेजाऱ्याची जी काळजी घ्यायला हवी होती ती घेतली का, आणि न घेतल्याने नुकसान झाले का. शिक्षा सरकारसाठी असते; भरपाई तुमच्यासाठी.

कायद्याची थोडी ओळख असलेले लोक इथे १८६८ चा रायलंड्स विरुद्ध फ्लेचर हा इंग्लंडमधला निकाल पुढे करतात. तलावाचे पाणी शेजारच्या कोळसा खाणीत शिरले, तेव्हा चूक सिद्ध न करताही भरपाई मिळाली होती. तो दाखला गळक्या नळाला लागू पडत नाही. घरात पाण्याची व्यवस्था असणे हा जागेचा नेहमीचा वापर आहे, असे रिकर्ड्स विरुद्ध लोथियन या खटल्यात १९१३ मध्ये ठरले. त्यामुळे खालच्याला निष्काळजीपणा किंवा उपद्रव दाखवावा लागतो, आणि सगळी मेहनत इथेच घ्यायची असते. सोसायटीला लेखी तक्रार द्या. आदर्श उपविधींनुसार गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामायिक पाइप यांची गळती सोसायटीच्या खर्चाची; सदनिकेतल्या शौचालयाची किंवा सिंकची त्या सभासदाची. प्लंबरचा लेखी अहवाल घ्या, बिले जपा, वरच्याला लेखी नोटीस द्या. त्या नोटिशीनंतर "मला माहीतच नव्हते" असे म्हणणे त्याला जड जाते. मोबाइलमधले फोटो कोर्टात चालत नाहीत, हेही खरे नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार सोबत प्रमाणपत्र जोडले की ते पुरावा म्हणून दाखल होतात.

एवढ्यावर ऐकले नाही तर दिवाणी दावा. त्यात पैशांखेरीज "दुरुस्ती करा" असा हुकूमही मागता येतो. जागेची पाहणी करायला कोर्ट कमिशनर नेमा, असा अर्ज करता येतो. नेमला गेला तर बंद दाराआडचे म्हणणे टिकत नाही. गळती चालूच असेल तर मुदतीचेही भय कमी, कारण चालू अपकृत्यात दाव्याची मुदत रोज नव्याने सुरू होते.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे आपल्याकडे म्हणतात. वेळ लागतो हे मान्य, पण त्या धास्तीने लोक रीतसर नोटीससुद्धा पाठवत नाहीत, याचे वाईट वाटते. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हे किती घरांत ठाऊक आहे?

दुसरा मोठा गोंधळ एनसीचा, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीचा. पार्किंगवरून कोणी कानशिलात लगावली, पोलिसांनी एनसी घेतली, की एकाला वाटते केस झाली आणि दुसऱ्याला वाटते प्रकरण मिटले. दोन्ही चूक. साधी दुखापत, म्हणजे न्याय संहितेचे कलम ११५(२), हा अदखलपात्र गुन्हा आहे. पोलीस तो नोंदवतात, पण दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. पुढचे पाऊल तक्रारदाराने टाकायचे असते: दंडाधिकाऱ्यांकडे खासगी फिर्याद. पोलीस आयुक्तालय एकच असले तरी वाशी-नेरूळचा माणूस त्यासाठी बेलापूरला जातो आणि खारघर-कामोठ्याचा पनवेलला, कारण तो भाग रायगड जिल्ह्यात येतो. या गुन्ह्याची कमाल शिक्षा एक वर्ष असल्याने फिर्यादीची मुदतही एकच वर्ष आहे. एनसीची प्रत कपाटात ठेवून वाट पाहणाऱ्यांची मुदत तशीच निघून जाते.

हाड मोडले, शस्त्र वापरले, तर गोष्ट वेगळी. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्ये सांगितले. (तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांहून कमी शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत आता चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करण्याची मुभा आहे.) ठाण्यात नकार मिळाला तर परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना लेखी कळवायचे, तरी काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे शपथपत्रासह अर्ज करायचा.

"त्याने आधी मारले, म्हणून मी मारले" हा बचाव फक्त हल्ला चालू असेपर्यंतचा. तो निघून गेल्यावर चार मित्र घेऊन त्याच्या मजल्यावर जाणे म्हणजे स्वसंरक्षण नव्हे. तिथे तुम्हीच आरोपी होता.

पाम बीच रोडलगतच्या घरांत एक वेगळीच तक्रार ऐकू येते: समोर टॉवर आला आणि खाडी दिसेनाशी झाली. नुकसान खरे असते, पण दृश्यावर कायदेशीर हक्क नसल्याने टॉर्टखाली भरपाई नाही. उजेड आणि हवेचे तसे नाही. वीस वर्षे अखंड उपभोग असेल तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने तो हक्क होतो. बिल्डरने खाडीचे दृश्य दाखवून जास्त पैसे घेतले असतील, तर तो वाद करार आणि ग्राहक कायद्याचा.

रस्त्यावरच्या अपघातात गैरसमजांची किंमत सर्वांत जास्त असते. चालक फौजदारी खटल्यातून सुटला की भरपाईही गेली, असे समजून कुटुंबे गप्प बसतात. फौजदारी कोर्टाला संशयापलीकडचा पुरावा लागतो. मोटार अपघात न्यायाधिकरणात कोणाची बाजू अधिक संभवनीय आहे एवढे पुरते. त्यामुळे तो निर्दोष सुटूनही भरपाई मिळू शकते. जखमीचीही थोडी चूक असेल तर रक्कम त्या प्रमाणात कमी होते, दावा बुडत नाही. दुचाकीवर तिघे होते एवढ्यावरून त्यांचा हातभार धरता येत नाही, त्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली हे दिसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मोहम्मद सिद्दीक प्रकरणात म्हटले आहे.

आणि खड्ड्यात पडलात तर "पालिकेवर काय करणार?" असे म्हणू नका. मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. दावे ठरवायला महापालिका आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती आहे. अर्जासोबत पोलिसांची नोंद, खड्ड्याचा तारखेसह फोटो आणि रुग्णालयाची कागदपत्रे जोडा. खड्डा बुजायच्या आत फोटो काढा.