बायपास: घाई केव्हा, सवड केव्हा

अमरावती-अकोल्याच्या घरात ‘बायपास करावी लागेल’ हे शब्द आले की पहिला प्रश्न निघतो, नागपूरला न्यायचं की मुंबईला. आणि लगोलग दुसरा, पैसा कुठून उभा करायचा. दोन्ही प्रश्न खरे आहेत. पण त्यांच्या आधीचा प्रश्न राहूनच जातो: ही शस्त्रक्रिया आयुष्य वाढावं म्हणून आहे की छातीतलं दुखणं थांबावं म्हणून, आणि ती किती दिवसांत व्हायला हवी? बाकीचं सगळं या उत्तरावर ठरतं. छाती आवळून दरदरून घाम फुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर ती तो प्रश्न विचारण्याची वेळ नव्हे. अमरावतीहून नागपूर दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे; तो रस्ता धरण्याआधी जवळच्या रुग्णालयात ईसीजी काढायचा आणि गरज असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथंच घ्यायचं. बायपास हा त्या घटकेचा उपचार सहसा नसतोच.

बायपासचा सल्ला बऱ्याचदा मिळतो तो वेगळ्या रुग्णाला. जिना चढताना, शेताचे बांध ओलांडताना छाती भरून येते, थांबलं की उतरते, आणि अँजिओग्राफीत ‘नव्वद टक्के ब्लॉक’ निघतो. आकडा ऐकून घर हादरतं. अशा स्थिर दुखण्याच्या, 37 देशांतल्या 5,179 रुग्णांवरच्या ‘इस्केमिया’ चाचणीचे निष्कर्ष 2020 साली प्रसिद्ध झाले. सुरुवातीलाच अँजिओप्लास्टी किंवा बायपासकडे नेलेल्यांमध्ये, आधी नेटानं औषधं दिलेल्यांपेक्षा, तीनेक वर्षांत मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. छातीदुखी मात्र जास्त उतरली. यावरून ‘बायपास नकोच’ असा अर्थ काढणं घातक ठरेल. डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असलेले किंवा हृदयाची पंपशक्ती 35 टक्क्यांखाली गेलेले रुग्ण त्या चाचणीत घेतलेच नव्हते, आणि नेमक्या त्यांनाच शस्त्रक्रियेचा लाभ मोठा असतो. मधुमेह असून एकाहून अधिक धमन्या अरुंद झालेल्यांचंही तसंच. 2012 च्या ‘फ्रीडम’ चाचणीत अशा रुग्णांपैकी मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात यांपैकी काहीतरी पाच वर्षांत स्टेंट घातलेल्यांत शंभरात सुमारे 27 जणांना झालं, बायपास झालेल्यांत 19 जणांना. एकट्या पक्षाघाताचं प्रमाण मात्र बायपासनंतर अधिक होतं, 2 ऐवजी 5. ‘छाती कशाला फाडायची, स्टेंट टाकून मोकळं व्हा’ असं सांगणाऱ्या नातेवाइकांनी साखरेचा रिपोर्ट आधी पाहावा.

निर्णय चुकतो तो बहुधा अँजिओग्राफीच्या टेबलापाशी. रुग्ण आत आडवा असतो, मुलाला दाराशी बोलावून पडद्यावरची अरुंद धमनी दाखवतात आणि सही मागतात. झटका आलेला नसेल, बसल्या जागी दुखत नसेल, तर ‘आज फक्त तपासणी करा, सीडी आणि रिपोर्ट द्या, सर्जनलाही विचारतो’ असं म्हणायला हरकत नसते. डॉक्टर रागावतील ही भीती मी समजू शकतो; पण कार्डिओलॉजिस्ट आणि सर्जन यांनी मिळून ठरवावं, हे वैद्यकशास्त्राचंच मत आहे. वेळ दवडला तर जीव जाईल, हा आक्षेप डाव्या मुख्य धमनीच्या किंवा विश्रांतीतही दुखणाऱ्या रुग्णाला लागू आहे. म्हणूनच ‘किती दिवस थांबता येईल’ हे स्पष्ट विचारायचं, आणि मिळालेले दिवस भोंदू ‘विनाशस्त्रक्रिया’ उपचारांत घालवायचे नाहीत. त्यात साखर आटोक्यात आणायची, खर्रा-बिडी सोडायची, रक्त पातळ करणारी कोणती गोळी केव्हा बंद करायची ते लिहून घ्यायचं.

बायपासनं आजार जात नाही. अडथळ्याला वळसा पडतो, एवढंच. छातीच्या आतून घेतलेली धमनी दहा वर्षांनंतरही दहापैकी सुमारे नऊ जणांत चालू असते, पायातून काढलेल्या शिरा मात्र तोवर निम्म्याच्या आसपास बंद पडलेल्या असतात. धमनी वापरणार का, हे सर्जनला विचारता येतं. छातीचं हाड सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात; तोवर पाण्याची बादली, मोटारसायकल, ट्रॅक्टर वर्ज्य. सोयाबीनचा हंगाम तोंडावर असेल आणि डॉक्टर थांबायला हरकत नाही म्हणत असतील, तर तारीख हे पाहूनच ठरवावी. पैशाचं म्हणाल तर, 2012 साली राज्यात आठ जिल्ह्यांत सुरू झालेल्या जीवनदायी योजनेत अमरावती पहिल्यापासून होता. आज तिचंच नाव असलेल्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि बायपास त्यात बसते. शेत गहाण टाकण्याआधी रुग्णालयातल्या योजनेच्या आरोग्यमित्राला गाठावं. ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी मात्र जन्मभराची; ती सरकारी रुग्णालयातून मिळेल की जनऔषधी दुकानातून घ्यावी लागेल, हे सुट्टी होण्याआधीच विचारून घ्यावं.